ब्रिटनमध्ये नव्याने आलात? पेन्शनची वर्षे पहिल्या पगारापासून मोजा

काकूंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून आम्ही त्यांचे नॅशनल इन्शुरन्सचे, म्हणजे ज्या वर्गणीवर इथली सरकारी ‘स्टेट पेन्शन’ ठरते तिचे, रेकॉर्ड फोनवर उघडले, तेव्हा त्या 65 वर्षांच्या होत्या. एका शाळेच्या कॅन्टीनमध्ये त्यांनी काम केले होते, मुलगा मार्गी लागला होता, आणि आता नाशिकला परत जायचे घाटत होते. त्या स्क्रीनवर प्रत्येक करवर्षाची एक ओळ दिसते. नऊ ओळींपुढे ‘फुल इयर’ लिहिलेले होते. दहावीपुढे ‘इयर इज नॉट फुल’. नऊ वर्षांवर स्टेट पेन्शन किती मिळते? एक पैसाही नाही. त्या दहाव्या वर्षात फक्त सात आठवडे कमी पडत होते, आणि तेवढ्या आठवड्यांची ऐच्छिक वर्गणी सव्वाशे पौंडांच्याही आत होती. ती भरली. आता काकूंना दर आठवड्याला साठाहून जास्त पौंड मिळतात, आणि ते हयातभर मिळत राहतील.

आपल्याकडून इथे येणारी मुले-मुली व्हिसा, घरभाडे, मुलांची शाळा यांत इतकी गुंतलेली असतात की पेन्शन हा विषय कोणी काढतच नाही. “आम्ही पाच वर्षांनी परत जाणार” असे म्हणत पंधरा वर्षे कशी गेली ते कळत नाही. म्हणून जे आज पंचविशी-तिशीत आहेत त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. खालचे आकडे 2025-26 या करवर्षाचे आहेत. दर एप्रिलला ते बदलतात, हिशेबाची रीत तीच राहते.

आधी दोन आकडे पाठ करा: 10 आणि 35

सध्याची ‘न्यू स्टेट पेन्शन’ 6 एप्रिल 2016 पासून लागू आहे. पूर्ण पेन्शन आठवड्याला 230.25 पौंड, म्हणजे वर्षाला सुमारे 11,973 पौंड. एप्रिल 2026 पासून ती आठवड्याला 241.30 पौंड. 2016 नंतर इथे कामाला लागलेल्याला पूर्ण पेन्शनसाठी 35 पात्र वर्षे लागतात. त्याहून कमी असली तर त्या प्रमाणात मिळते: 22 वर्षे असतील तर 35 पैकी 22 भाग. मात्र दहाच्या खाली काहीच नाही. ही दहा वर्षे सलग असण्याची गरज नाही, मधे भारतात जाऊन आलात तरी चालते.

पेन्शनचे वय 66 होते. एप्रिल 2026 पासून ते टप्प्याटप्प्याने 67 होत आहे, आणि आजच्या कायद्यानुसार 6 एप्रिल 1978 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना 68 व्या वर्षी मिळेल. हा लेख वाचणारे बहुतेक याच गटातले असतील.

दोन गैरसमज इथेच दूर करतो, कारण हे प्रश्न मला सारखे विचारले जातात. व्हिसाबरोबर भरलेला हेल्थ सरचार्ज आरोग्यसेवेसाठी असतो, त्याचा पेन्शनशी काडीचा संबंध नाही. आणि भारतातल्या नोकरीची, पीएफची वर्षे इथल्या दहा वर्षांत धरली जात नाहीत. युरोपातल्या देशांत काम केलेल्यांना अशी वर्षे जोडून पात्र ठरता येते, भारतातून आलेल्यांना तशी सोय नाही. भारतातली पीएफची पेन्शन तिथल्या नियमांनी तिथे मिळेल, तिची कागदपत्रे वेगळ्या फाइलमध्ये जपून ठेवा.

तिसरी गोष्ट धास्ती घालवणारी आहे. व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’, म्हणजे ठरावीक सरकारी मदत घेता येणार नाही, असे लिहिलेले असले तरी स्टेट पेन्शन त्या यादीत येत नाही. ती तुमच्या वर्गणीवरची हक्काची रक्कम आहे. नागरिकत्व घ्या वा न घ्या, वर्षे भरली की हक्क तुमचा.

पहिली पायरी: एनआय नंबर आणि पे-स्लिप

नॅशनल इन्शुरन्स नंबर, ज्याला सगळे एनआय नंबर म्हणतात, तो हाती येण्याआधीही नोकरी सुरू करता येते. पण मिळाला की त्याच दिवशी ऑफिसात कळवा, आणि पुढच्या पे-स्लिपवर तो अक्षर न् अक्षर बरोबर छापला आहे का ते बघा. दोन अक्षरे, सहा आकडे, शेवटी एक अक्षर. माझ्या पहिल्या नोकरीत पगार करणाऱ्या कंपनीने मधले दोन आकडे उलटसुलट टाकले होते. पगारातून पैसे कापले जात होते, पण माझ्या नावावर जमा होत नव्हते. हे निस्तरायला चार महिने लागले, आणि निस्तरले ते केवळ मी पे-स्लिपा जपल्या होत्या म्हणून. दरवर्षी मे अखेरपर्यंत मिळणारा पी60 हा वर्षभराच्या पगाराचा आणि कपातीचा कागद तर कधीच टाकू नका. त्याचा फोटो काढून ठेवा.

दुसरी पायरी: वर्ष ‘भरते’ कसे ते समजून घ्या

या एकाच गोष्टीवर सगळे अवलंबून आहे. करवर्ष 6 एप्रिलला सुरू होते आणि पुढच्या 5 एप्रिलला संपते. नोकरदाराचे वर्ष पात्र ठरायला एका नोकरीतून आठवड्याला किमान 125 पौंडांची कमाई लागते, वर्षाला एकूण 6,500. गंमत अशी की प्रत्यक्ष एनआय कापायला सुरुवात होते ती आठवड्याला 242 पौंडांच्या वर. मधल्या पट्ट्यात, म्हणजे 125 ते 242 पौंडांत, तुमच्याकडून काहीही घेतले जात नाही, तरी वर्गणी भरल्यासारखी धरतात आणि वर्ष जमा होते.

आता एक उदाहरण घ्या. एक बाई एकाच दुकानात काम करून आठवड्याला 130 पौंड मिळवतात. त्यांचे वर्ष भरले. दुसऱ्या बाई दोन वेगवेगळ्या मालकांकडे काम करतात, दोन्हीकडे 110 पौंड, मिळून 220. त्यांचे वर्ष भरले नाही! कारण दोन मालकांचे पगार एकत्र धरले जात नाहीत. साफसफाई, केअर, दुकानातले शिफ्ट अशी तुकड्यातुकड्यांची कामे करणाऱ्या आपल्या कितीतरी बायकांची वर्षे अशीच वाया जातात. शक्य असेल तर एकाच मालकाकडे तास वाढवून घ्या. सव्वाशे पौंडांची रेघ ओलांडणे महत्त्वाचे.

मधेच आलेल्यांनीही पहिले वर्ष गेले असे धरू नका. ऑक्टोबरमध्ये उतरलात आणि महिना अडीच हजारांची नोकरी लागली, तर एप्रिलच्या आत 6,500 होऊन जातात आणि पूर्ण वर्ष तुमच्या नावावर पडते. विद्यार्थ्यांचेही तसेच. 21 वर्षांवरच्यांचा किमान ताशी दर 12.21 पौंड आहे. आठवड्याला 20 तास एकाच ठिकाणी काम केले तर 27 आठवड्यांत वर्ष भरते. मास्टर्स करताना असे एक वर्ष पदरात पडले तर पुढे त्याचे मोल कळते. काम रोखीने केले असेल तर मात्र काहीच जमा होत नाही. “हातात जास्त देतो, कागद नको” असे म्हणणारा मालक तुमचे पेन्शनचे वर्ष खातो, हे ध्यानात ठेवा.

स्वतःचा धंदा असेल, टॅक्सी असो, डबे असोत की फ्रीलान्स आयटी, तर वर्षाचा नफा 6,845 पौंड किंवा जास्त असला आणि तो टॅक्स रिटर्नमध्ये दाखवला की वर्ष आपोआप धरतात. नफा त्याहून कमी असेल तर आठवड्याला 3.50 पौंड, म्हणजे वर्षाला 182 पौंड स्वतःहून भरा. स्टेट पेन्शनचे एक वर्ष याहून स्वस्तात कुठेच मिळत नाही.

भारतातल्या कंपनीने थोड्या काळासाठी पाठवलेल्यांची गोष्ट निराळी. पगार भारतातल्याच कंपनीत असेल तर बहुधा पहिले 52 आठवडे इथे एनआय लागत नाही. कापले नाही म्हणजे जमाही नाही. एचआरला स्पष्ट विचारा.

तिसरी पायरी: वर्षातून एकदा रेकॉर्ड उघडा

सरकारच्या गव्ह डॉट यूके या संकेतस्थळावर ‘चेक युअर स्टेट पेन्शन फोरकास्ट’ नावाची सोय आहे. एचएमआरसीच्या, म्हणजे इथल्या कर खात्याच्या, ॲपमध्येही तेच दिसते. एकदा खाते उघडले की पाच मिनिटांचे काम. तिथे तीन गोष्टी दिसतात: आजवरच्या वर्षांवर किती पेन्शन बनते, असेच काम चालू राहिले तर किती बनेल, आणि वर्षावर वर्ष असे रेकॉर्ड. पहिल्या पानावरचा मोठा आकडा पाहून हुरळून जाऊ नका. तो बहुतेकदा तुम्ही वयाच्या 68 पर्यंत इथेच काम कराल असे धरून दाखवलेला असतो. खरी माहिती खालच्या ओळींत असते.

मी दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत हे करतो. एप्रिलमध्ये संपलेले वर्ष तोवर नोंदलेले असते. अपुऱ्या वर्षावर टिचकी मारली की किती वर्गणी जमा आहे, किती कमी पडते आणि ती कोणत्या तारखेपर्यंत भरता येईल, सगळे दिसते. काम केलेले असूनही वर्ष अपुरे दिसले, तर आधी पी60 काढून एचएमआरसीला कळवा. चूक त्यांच्या नोंदीत असेल तर तुम्ही पैसे भरण्याचे कारण नाही.

चौथी पायरी: नवरा-बायको दोघांची रेकॉर्ड वेगळी उघडा

नव्या पद्धतीत पेन्शन ज्याच्या-त्याच्या रेकॉर्डवर मिळते. नवऱ्याची 35 वर्षे झाली म्हणून बायकोला त्यातून काही मिळेल, असे आता जवळजवळ राहिलेले नाही. आपल्या घरांत नवऱ्याची नोकरी पक्की, बायको डिपेन्डन्ट व्हिसावर, मुले लहान म्हणून घरी, हे चित्र सर्रास दिसते. तिची आठ-दहा वर्षे रेकॉर्डवर कोरी राहतात आणि त्याची चर्चासुद्धा घरात होत नाही. हे मला फार खुपते.

यावर उपाय आहे. मूल 12 वर्षांचे होईपर्यंत ज्याच्या नावावर चाइल्ड बेनिफिटचा, म्हणजे मुलांसाठीच्या सरकारी भत्त्याचा, अर्ज असतो, त्याला एनआयची क्रेडिट मिळतात, म्हणजे नोकरी न करताही वर्षे भरतात. म्हणून अर्ज नेहमी घरी असलेल्याच्या नावाने करा. पगार जास्त आहे म्हणून अर्जच करत नाहीत असेही खूप जण आहेत. घरात एकाचे उत्पन्न 60,000 पौंडांच्या वर गेले की बेनिफिट करातून परत जाऊ लागतो आणि 80,000 वर पूर्ण जातो, हे खरे. पण पैसे नकोत असे कळवूनही अर्ज करता येतो. तेवढ्या एका फॉर्मने आईची वर्षे वाचतात.

इथे एक सावधगिरी. चाइल्ड बेनिफिट हा ‘पब्लिक फंड’ आहे. व्हिसावर मनाई असेल तर इथे कायम राहण्याची पक्की परवानगी मिळेपर्यंत अर्ज करू नका, पुढच्या व्हिसाला अडचण येऊ शकते. तोवरची वर्षे भरायची असतील तर एखादी छोटी नोकरी, आठवड्याला 125 पौंडांच्या वरची, हा सगळ्यात सरळ मार्ग.

आजी-आजोबांसाठीही एक तरतूद आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. आजी इथेच स्थायिक असेल, पेन्शनच्या वयाची झाली नसेल आणि 12 वर्षांखालच्या नातवाला सांभाळत असेल, तर नोकरी करणाऱ्या सुनेची किंवा लेकीची क्रेडिट आजीच्या नावावर वळवता येतात. सुनेचे वर्ष नोकरीमुळे भरतच असते, तिचे काही जात नाही. सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईला मात्र हे लागू नाही. आजारी माणसाची आठवड्याला 20 तास किंवा जास्त काळजी घेणाऱ्यांसाठी ‘केअरर्स क्रेडिट’ आहे, तेही पाहून घ्या.

पाचवी पायरी: रिकामे वर्ष विकत घ्यायचे का?

ऐच्छिक ‘क्लास 3’ वर्गणी आठवड्याला 17.75 पौंड, वर्षाला 923. त्यातून पेन्शन आठवड्याला 6.58 पौंडांनी वाढते, म्हणजे वर्षाला सुमारे 342 पौंड. पावणेतीन वर्षांत पैसे वसूल, पुढचे सगळे फायद्यात. ऐकायला फारच छान, पण घाई नको. तुम्ही तिशीत असाल आणि 68 पर्यंत इथे राहणार असाल, तर तुमची 35 वर्षे तशीही सहज भरतील. छत्तिसाव्या वर्षाचे काही जास्त मिळत नाही. पन्नाशीच्या आसपास आलेल्यांना, परत जाणाऱ्यांना आणि आठ-नऊ वर्षांवर अडकलेल्यांना मात्र हा व्यवहार सोन्यासारखा आहे. नियम असा की साधारण मागच्या सहा वर्षांपर्यंतचीच रिकामी जागा भरता येते, दर 5 एप्रिलला एक वर्ष हातचे जाते. पैसे भरण्याआधी पेन्शनच्या वयाखालच्यांनी ‘फ्यूचर पेन्शन सेंटर’ला फोन करून एवढेच विचारा: हे वर्ष भरले तर माझी पेन्शन खरोखर वाढेल का? 2016 च्या आधी इथे काम केलेल्यांच्या बाबतीत काही वर्षे भरूनही काही वाढत नाही, म्हणून हा फोन टाळू नका.

भारतात परतल्यावर तिथून वर्गणी भरत राहण्याचा मार्ग पुष्कळांनी वापरला. 6 एप्रिल 2026 पासून तो अरुंद झाला. परदेशातून भरता येणारी स्वस्त ‘क्लास 2’ वर्गणी बंद झाली, आणि ‘क्लास 3’ भरायची तर आधी इथली दहा वर्षांची वस्ती किंवा वर्गणी लागते. पूर्वी तीन वर्षे पुरत. म्हणजे “पाच वर्षे काम करू, उरलेली पाच पुण्यातून भरू” हा जुना सल्ला आता कोणी दिला तर ऐकू नका.

ऑफिसची पेन्शन सोडू नका

वर्षाला बारा हजार पौंडांत इथे नीट म्हातारपण निघत नाही, भाड्याच्या घरात तर नाहीच. म्हणून नोकरीतली ‘वर्कप्लेस पेन्शन’ धरून ठेवा. वय 22 च्या वर आणि पगार वर्षाला 10,000 पौंडांच्या वर असेल तर कंपनी आपोआप नाव घालते. ठरावीक पट्ट्यातल्या पगाराच्या किमान 8 टक्के जमा होतात. त्यात किमान 3 टक्के मालकाचे, उरलेले तुमचे, आणि तुमच्या हिश्शात करसवलतही धरलेली असते. परत जायचे आहे म्हणून पहिल्याच महिन्यात बाहेर पडणारे मालकाचे पैसे त्याच्याच खिशात ठेवतात. हे पैसे देश सोडला तरी तुमचेच राहतात. एप्रिल 2028 पासून ते 57 व्या वर्षानंतर काढता येतील, आणि त्यातला चौथा हिस्सा साधारणपणे इथे करमुक्त असतो. नोकरी बदललीत की जुन्या पेन्शन कंपनीला नवा पत्ता आणि खासगी ईमेल कळवा, ऑफिसचा ईमेल शेवटच्या दिवशी बंद होतो. हरवलेली खाती शोधायला सरकारची ‘पेन्शन ट्रेसिंग सर्व्हिस’ फुकट आहे. “तुमची पेन्शन भारतात हलवून देतो” असा अचानक फोन आला तर सरळ ठेवून द्या. पेन्शनबद्दल असे आगंतुक फोन करणे जानेवारी 2019 पासून इथे बेकायदा आहे.

परत जाणार असाल तर हे वाचून मगच ठरवा

इथे राहणाऱ्याची स्टेट पेन्शन दर एप्रिलला वाढते. महागाई, पगारवाढ किंवा अडीच टक्के, यांतले जे जास्त असेल तेवढी. भारतात राहायला गेलात की ही वाढ थांबते. ज्या दराने सुरू झाली किंवा ज्या दरावर असताना देश सोडला, त्याच दरावर गोठते. 2016-17 मध्ये पूर्ण पेन्शन 155.65 पौंड होती. त्या वर्षी ती घेऊन भारतात स्थायिक झालेल्याला 2025-26 मध्येही 155.65 पौंडच मिळतात. त्याच्याबरोबर निवृत्त होऊन लेस्टरमध्ये राहिलेल्या मित्राला 230.25. आठवड्याला 74 पौंड 60 पेन्सचा फरक, आणि दोघांनी वर्गणी सारखीच भरलेली. अमेरिकेत राहणाऱ्याला वाढ मिळते, भारतात राहणाऱ्याला नाही, कारण तसा करार नाही. मला हा अन्याय वाटतो, पण आज नियम हाच आहे आणि हिशेब त्यावरच करायला हवा. 66 व्या वर्षी परतलात तर 86 व्या वर्षीही तेवढेच पौंड येणार असे धरून बाकीची तरतूद करा. परत इथे राहायला आलात तर दर पुन्हा चालू पातळीवर येतो. कमी उत्पन्नाच्या वृद्धांना मिळणारी ‘पेन्शन क्रेडिट’ ही पूरक रक्कम भारतात मिळतच नाही.

वेळ आली की अर्ज तुम्हीच करायचा

पेन्शन आपोआप सुरू होत नाही. पेन्शनच्या वयाच्या सुमारे दोन महिने आधी पत्र येते. पत्ता बदलला असेल तर तेही येत नाही, पण पत्राविना अर्ज करता येतो. अर्ज चार महिने आधीपासून घेतात. नोकरी चालू असेल आणि पैशांची निकड नसेल तर थांबूही शकता, दर नऊ आठवड्यांमागे 1 टक्का वाढते, पूर्ण वर्ष थांबलात तर सुमारे 5.8 टक्के. या वयानंतर नोकरी केली तरी पगारातून एनआय कापले जात नाही. पेन्शनवर आयकर मात्र लागू आहे.

भारतातून अर्ज करणाऱ्यांनी ‘इंटरनॅशनल पेन्शन सेंटर’कडे करायचा. पैसे दर चार किंवा तेरा आठवड्यांनी भारतातल्या खात्यात रुपयांत येऊ शकतात. बँकेतले नाव, पासपोर्टवरचे नाव आणि एनआय रेकॉर्डवरचे नाव तंतोतंत जुळवून घ्या. लग्नानंतर बदललेली आडनावे आणि वडिलांचे नाव मधे असणे-नसणे, यापायी आपल्या लोकांचे अर्ज महिनोन् महिने रखडतात. तिकडे राहायला गेल्यावर अधूनमधून टपालाने हयातीचा दाखला येतो. साक्षीदाराच्या सहीसह तो 16 आठवड्यांच्या आत परत पाठवावा लागतो, नाहीतर पैसे थांबतात. काकू आता नाशिकला असतात. तो दाखला पहिल्यांदा आला तेव्हा जाहिरात समजून त्यांनी रद्दीत टाकला होता, आणि सुनेने रद्दीवाला यायच्या आदल्या दिवशी शोधून काढला. घरात कोणाला तरी त्या लिफाफ्याबद्दल आधीच सांगून ठेवा.